आईच्या नावावर तीन डाव

वाटाण्याएवढी, करड्या प्लॅस्टिकची ती गोळी खेळायच्या दांड्याच्या दोरीवर बरोबर बायकोच्या मनगटाच्या मापाला सरकवून ठेवलेली होती — वर ओढून, आवळून, आणि मग तशीच विसरून — आणि तो गेली दोन-तीन मिनिटं तिच्याकडे नुसता बघत होता, कारण गोळी खाली ओढली तर फास मोठा होणार, आणि फास मोठा झाला तर संध्याकाळी बायकोला कळणार की आज या दोरीत दुसऱ्या कुणाचं तरी मनगट येऊन गेलं. म्हणून मग त्याने गोळीला हात न लावता अंगठा तळव्यात मुडपला, चारही बोटं एकमेकांवर चढवली आणि हात कसाबसा त्या फासातून घातला. घातला खरा. निघेल की नाही, हा प्रश्न नंतरचा.

बुधवार होता. रविवारी ड्यूटी केली की बदली सुट्टी बुधवारी मिळते, आणि बुधवारी बायको वाचनालयात असते, म्हणजे साडेनऊ ते साडेसहा घर त्याचं एकट्याचं — इतकी वर्षं तो या वेळात झोपत आला होता, पण आज झोपायचं नव्हतं. आज टीव्हीखालच्या त्या खेळांच्या पांढऱ्या डब्याशी ओळख करून घ्यायची होती. कुणी बघत नसताना, कुणी हसत नसताना, पडदे ओढून. कारण शनिवारी साडू येणार होता.

साडू म्हणजे बायकोच्या बहिणीचा नवरा. बँकेत आहे, मोठ्याने हसतो, आणि कुठलाही खेळ आयुष्यात पहिल्यांदा हातात घेऊन पहिल्याच डावात जिंकतो, अशा जातीचा माणूस. मागच्या महिन्यात आले होते तेव्हा जेवणं झाल्यावर टीपॉय बाजूला सरकवून तिघंही बोलिंग खेळले — म्हणजे हातातला तो पांढरा दांडा हवेत फिरवायचा आणि पडद्यावर चेंडू घरंगळत जाऊन दहा खुंट पाडतो, तो खेळ. त्यालाही आग्रह झाला. आग्रहाला मान देऊन तो उठतच होता — अगदी चष्मा नीट करून, एक पाय पुढे टाकून उठतच होता — तेवढ्यात साडू म्हणाला, "राहू द्या हो, फोटोवाले! तुम्ही आपले हलू नका!" आता यात हसण्यासारखं काय आहे? एकतीस वर्षं तो रुग्णालयाच्या तळघरात एक्स-रे काढतोय. दिवसातून साठ-सत्तर वेळा 'श्वास घ्या, रोखून धरा, हलू नका' म्हणतो. पोटापाण्याचं वाक्य आहे ते. पण साडू हसला, मेहुणी हसली, आणि बायकोही हसली. नुसती हसली नाही, पदराने डोळे पुसावे लागले तिला. तो परत बसला आणि त्याने वर्तमानपत्र उघडलं, जे त्याने सकाळीच शेवटच्या पानापर्यंत वाचलेलं होतं.

डब्याचा दिवा निळा झाला. टीव्हीच्या डोक्यावर मुलीने चिकटवून दिलेली काळी पट्टी होती, तिच्याकडे दांडा रोखला की पडद्यावर एक पांढरा हात उगवायचा, एवढं त्याला ऐकून ऐकून माहीत होतं. उगवला. त्याने दांडा किंचित डावीकडे नेला, तर पडद्यावरचा हात थेट कोपऱ्यात जाऊन गायब झाला. उजवीकडे आणला, तर दुसऱ्या कोपऱ्यात. अरे बाबा, थांब जरा… हे तो मोठ्याने म्हणाला, आणि रिकाम्या घरात स्वतःचाच आवाज ऐकून ओशाळला.

मग त्या बाहुल्या आल्या. पाच. मोठ्या डोक्यांच्या, बिनमानेच्या, आणि प्रत्येकीच्या खाली इंग्रजी अक्षरांत नाव — आई, बाबा, मावशी, काका, आणि मुलीने स्वतःसाठी केलेली 'मी'. सात महिन्यांपूर्वी मुलगी हा डबा घेऊन आली ("मी नवीन घेतलाय बाबा, हा तुमच्याकडे राहू दे, आईच्या खांद्याला उपयोगी पडेल"), तेव्हा जमिनीवर मांडी ठोकून तिने एकेक बाहुली जोडली होती. केस निवडायचे, भुवया निवडायच्या, नाक निवडायचं. त्याच्या बाहुलीपाशी आल्यावर तिने मान वर न करता विचारलं होतं, "आई, बाबांचं तोंड कुठलं लावू?" आणि बायको स्वयंपाकघरातून, पडद्याकडे न बघता, कणभरही विचार न करता म्हणाली होती, "ती सरळ रेघ असेल बघ एखादी, ती लाव." तो तिथेच बसला होता. दोन हातांवर! एखाद्याच्या तोंडाबद्दल असं बोलतात का, त्या तोंडासमोर?

आत्ताही 'बाबा' तिथे उभा होता. डोक्यावर चार केस, कपाळभर भुवया आणि त्याखाली ती रेघ. ना हसणं, ना रडणं. एखाद्या अर्जावर खाली सही करा म्हणून आखलेली असते तशी. टक्कल तर सरळसरळ खोटं होतं — मागच्या बाजूला चांगले दाट केस आहेत माझे, मागून बघा की कधीतरी. या माणसाला उचलून खेळायला न्यायचं आणि त्याने पहिल्याच डावात माती खायची, हे काही त्याला बघवलं नसतं. आणि तसाही तो पांढरा हात आपोआप येऊन थांबला होता 'आई'वर. 'आई'च्या गालावर दोन गुलाबी ठिपके होते आणि तोंड चांगलं ऐसपैस हसरं होतं. त्याने विचार केला, खेळ तो खेळ. कुणाच्या का नावावर होईना, चेंडू काय नाव विचारून धावतो? आणि बटण दाबलं.

चेंडू मात्र बघण्यासारखा होता. निळा, आणि आत चांदण्यांसारखं काहीतरी लुकलुकणारं. सगळ्यांना असाच मिळत असेल, असं त्याला वाटलं.

पहिल्या फेकीला काहीच झालं नाही. त्याने दांडा मागे नेला, पुढे आणला — त्याच्या मते आणला — आणि 'आई' चेंडू छातीशी धरून तशीच उभी राहिली, जराशी झुलत. पुन्हा. पुन्हा काही नाही. डब्याच्या हिशोबाने तो हललाच नव्हता. बरोबरच आहे, एकतीस वर्षं दुसऱ्यांना स्थिर उभं करता करता माणूस स्वतः किती हलणार? मिलिमीटरने सरकवायचं, खांदा असा, हनुवटी अशी, आणि मग जाडजूड काचेमागे जाऊन आपणही श्वास रोखायचा — खरं तर रोखायचं काही कारण नसतं, किरण तिकडे, आपण इकडे, पण सवयच लागते. तिसऱ्या वेळी तो चिडला आणि त्याने हात सगळ्या ताकदीनिशी मागे फेकला, आणि बटण, जे पुढे आल्यावर सोडायचं असतं, ते मागेच सुटलं. चेंडू मागच्या मागे धाडकन पडला. तिकडे उभ्या असलेल्या बाहुल्या दचकून हातभर उडाल्या — मावशी उडाली, काका उडाला, त्या काकाला उडताना बघून त्याला बरं वाटलं — आणि त्यांच्याबरोबर 'बाबा'ही उडाला. तोंडाची रेघ तशीच, पण पाय जमिनीपासून वर. तो खो-खो हसला. एकटाच. मग त्याने मुद्दाम आणखी दोनदा चेंडू मागे टाकला.

असे तीन डाव झाले. बहुतेक चेंडू कडेच्या खोबणीतून गेले, एक शेजारच्या पट्टीवर गेला, आणि एकदा अगदी सरळ जाऊन चार खुंट पडले तेव्हा तो "हाऽऽ!" असं ओरडून सोफ्याच्या हातावर आपटला. घाम आला होता. मजा येत होती, हे कबूल करायला काय हरकत आहे, इथे कोण ऐकतंय — मजा येत होती. आणि तिसऱ्या डावाच्या शेवटी पडद्यावर एक आलेख उमटला.

त्याला वाटलं, असेल काहीतरी. मग त्याने चष्मा वर केला आणि जवळ जाऊन बघितलं. डाव्या टोकाला खालून निघालेली, सात महिने हळूहळू, अडखळत, पण चढत आलेली एक रेघ. उजव्या टोकाला ती एक हजाराच्या वर पोचलेली. आणि तिथून पुढे, अगदी शेवटच्या बोटभर जागेत, ती कडा कोसळावी तशी खाली आलेली. नऊशे एक्कावन्न. वर नाव — आई. आणि खाली इंग्रजीत एक वाक्य, जे त्याने दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्याचा अर्थ एकच निघाला: तुम्ही आता प्रो राहिला नाहीत.

पुढच्या डावाला चेंडू साधा आला. नुसता निळा.

रविवारी संध्याकाळी बायकोने फोनवर मुलीला सांगितलं होतं — "अगं, झाले मी प्रो! एक हजार सहा! चेंडूत चांदण्या आल्यात, चांदण्या!" — आणि मग बहिणीला सांगितलं होतं, शनिवारी या, दाखवते, आणि मग त्याच्याकडे वळून म्हणाली होती, "ऐकलंत का?" आणि तो… तो 'छान' म्हणाला होता. नुकताच ड्यूटीवरून आला होता, वर्तमानपत्र खाली न करता म्हणाला होता. छान.

नाव चुकलं. हे त्याच्या डोक्यात शिरलं ते एकदम, आणि तो टीपॉयवर बसला, जो बसायसाठी नव्हता. त्याच्या खात्यात याहून मोठा गुन्हा नाही. हात थरथरला, फिल्म काळी आली, परत काढता येते. पण एकाचा फोटो दुसऱ्याच्या नावावर गेला की धडधाकट माणसाला प्लॅस्टर आणि मोडलेला माणूस घरी. म्हणून तो प्रत्येकाला दोनदा नाव विचारतो. आत येताना एकदा, टेबलावर झोपल्यावर एकदा. लोक वैतागतात, म्हाताऱ्या म्हणतात आत्ताच तर सांगितलं ना रे, पण तो विचारतोच. नवीन पोरापोरींना शिकवतो तेही पहिलं हेच. एकतीस वर्षांत एक चूक नाही. आणि आज स्वतःच्या घरात, दिवसाढवळ्या, समोर मोठ्या अक्षरांत नाव लिहिलेलं असताना, त्याने आपला मोडका हात बायकोच्या नावावर चढवला होता. तीनदा.

हात असा शब्द मनात आला आणि त्याबरोबर तो खांदाही आला. तो त्याला नको होता.

मागच्या वर्षी तिचा उजवा खांदा धरला होता. वाचनालयातली वरच्या फळीची पुस्तकं तिला काढता येईनात, वेणी घालता येईना. शेवटी तोच तिला घेऊन गेला, आपल्या तळघरात, आणि यंत्रासमोर उभं केलं, आणि सवयीने म्हणाला, "नाव सांगा." ती बघतच राहिली. मग म्हणाला, "श्वास घ्या. रोखून धरा. हलू नका." आणि बटण दाबून तो फिल्म बघण्यात असा गढला की 'सोडा' म्हणायचं राहूनच गेलं, आणि ती बिचारी लाल होईपर्यंत उभी. बाहेर आल्यावर म्हणाली, "लग्नानंतर पहिल्यांदाच तुम्ही मला अहो-जाहो केलंत. चांगलं वाटलं. पण मी काय जीव जाईपर्यंत रोखून धरायचा होता?" यावर दोघंही हसले होते. मग त्याने फिल्म उजेडावर धरून दाखवली — हे हाड, ही वाटी, बघ, कुठे काही नाही, खांदा उत्तम आहे तुझा. उत्तम! आणि त्यानंतर तीन महिने ती डाव्या हाताने कपडे वाळत घालत होती, डाव्या हाताने भांडी लावत होती, आणि तो बघत होता — म्हणजे समोर होता — आणि मनात म्हणत होता, फोटोत तर काही नाही. हाडं सोडून माणसाच्या खांद्यात आणखीही काही असतं, ते आखडतं, आणि ते फिल्मवर येत नाही, हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. पुस्तकात होतं. पण ते शेवटी फिजिओथेरपीच्या बाईंनी सांगितलं, आणि हात फिरवत राहा म्हणाल्या, रोज, कंटाळा न करता. तिने कंटाळा केला नाही. सात महिने रोज संध्याकाळी वीस मिनिटं. त्या आलेखातली प्रत्येक गाठ म्हणजे तिची एकेक संध्याकाळ होती, आणि मी एका सकाळीत त्यातल्या दोन महिन्यांच्या तरी खोबणीत घातल्या. वाईट वाटलं त्याला. अगदी सरळ, साधं वाईट वाटलं.

त्याने मुलीला फोन लावला.

"बाबा? काय झालं? आई बरी आहे ना?"

"सगळं बरं आहे. एक विचारायचं होतं. आमच्या इथे एक… पेशंट आहेत. त्यांच्याकडेही तो डबा आहे. त्यांनी चुकून दुसऱ्याच्या नावावर खेळ खेळला. तर ते मागे घेता येतं का?"

पलीकडून मग, फार जपून, "पेशंटचे किती पॉइंट गेले?"

"पंचावन्न."

"पंचावन्न! बाबा, काय केलंत काय, डोळे मिटून खेळलात?"

"मी नाही. पेशंट."

"बरं, पेशंट." ती हसू दाबत होती हे त्याला फोनमधून कळत होतं, आईवर गेलीय. "मागे नाही घेता येत. चांगलं खेळून परत वर आणायचे, नाहीतर ज्यांचे गेले त्यांना सांगून टाकायचं."

"सांगण्यासारखं नाहीये. त्या… त्यांना शनिवारी कुणाला तरी दाखवायचंय."

"मग पेशंटला म्हणावं, आईसारखं खेळा. तिचा हात बघितलाय ना तुम्ही? दोन पावलं, थांबते, आणि मग तो जरासा आत वळतो शेवटी. तेवढंच करायचं. ठेवू? मीटिंग आहे."

तिचा हात बघितलाय ना तुम्ही.

तो दांडा घेऊन सोफा आणि कपाट यांच्यामधल्या मोकळ्या पट्टीत उभा राहिला, ती उभी राहते तिथे, आणि आठवू लागला. दोन पावलं. कुठल्या पायाने आधी? थांबते — कुठे, चेंडू मागे असताना की पुढे? तोंड कसं होतं तिचं तेव्हा, जीभ बाहेर येते का, भुवई वर जाते का… काहीच नाही. सात महिने, रोज वीस मिनिटं, पाच फुटांवर ती हात फिरवत होती, आणि त्याच्या आठवणीत त्या जागी होती फक्त वर्तमानपत्राची मागची बाजू. आपण आयुष्यभर लोकांच्या कातड्याच्या आतलं बघत आलो, असा त्याला एक गर्व होता — कुणाला बोलून दाखवला नव्हता, पण होता. आता साधा बाहेरचा हात आठवेना.

आवाज मात्र आठवत होते. कानांना काही वर्तमानपत्र आडवं येत नाही. तो डोळे मिटून उभा राहिला. चपला काढून ठेवल्याचा आवाज. मग फरशीवर अनवाणी दोन पावलं — पहिलं हलकं, दुसरं दाबून. मग काहीच नाही, एक-दोन क्षण. तेच थांबणं असणार. मग नाकातून सोडलेला श्वास, आणि खुंटांचा खडखडाट, आणि कधी स्वतःशीच "वा गं वा", तर कधी "अरे, कुठे चाललास मेल्या!" म्हणजे चेंडूला. त्याला हसू आलं. मी हे सगळं ऐकत होतो तर. एवढं ऐकत होतो तर मान जरा वळवायला काय धाड भरली होती?

त्याने चपला काढल्या. हलकं पाऊल, दाबून पाऊल, थांबणं, नाकातून श्वास. सहा खुंट. पुन्हा. आठ. पुन्हा — खोबण. "कुठे चाललास मेल्या," तो म्हणाला, तिच्याच सुरात, आणि पुढच्या फेकीला सगळे दहा पडले, आणि पडद्यावर बाहुल्या टाळ्या वाजवायला लागल्या. त्यात 'बाबा'ही होता. ती रेघ तोंडावर घेऊन दोन्ही हातांनी दणादण टाळ्या वाजवत होता, म्हणजे गेले सात महिने रोजच वाजवत असणार. तो आपल्याच बाहुलीपुढे खजील झाला.

नऊशे अठ्ठावन्न. नऊशे सत्तेचाळीस. नऊशे त्रेसष्ट. दुपारी भात सकाळचाच थंड खाल्ला, उभ्याने. मध्येच खेळ थांबला आणि पडद्यावर एक उघडी खिडकी आली, पडदा वाऱ्यावर हलतोय वगैरे, आणि खाली सूचना, बराच वेळ झाला, थोडी विश्रांती घ्या. डबा आपली काळजी करतोय हे बघून त्याला उगाच भरून आलं, आणि त्याने खरोखरच पडदा सारून खिडकी उघडली. उघडी ठेवूनच पुढचा डाव सुरू केला, हे विसरून की समोरच्या गॅलरीत बाई झाडांना पाणी घालायला येतात. दोन पावलं, थांबणं, फेक — आणि समोर बाई, हातात झारी तशीच धरून, पाणी कुंडीबाहेर.

"काय हो," बाई म्हणाल्या, "तुमचाही खांदा धरला का?"

"हो ना," तो म्हणाला. "थोडासा."

"दोघांचाही! वयच झालं हो. शेक घ्या."

"घेतो, घेतो."

साडेपाचपर्यंत खांदा खरंच धरला. कोपर वर उचलताना कळ यायची, थेट कानामागे. चष्मा डाव्या हाताने नाकावर सरकवावा लागत होता. मग हे असं होतं तर. असं, आणि रोज, आणि तीन महिने, आणि शेजारी एक माणूस म्हणतोय की फोटोत काही नाही. तो खेळत राहिला. नऊशे सत्तर. नऊशे अठ्ठ्याहत्तर. प्रत्येक डावाला वाटायचं की आता जमलं, आणि प्रत्येक डावात एखादा चेंडू मेल्यासारखा कडेला जायचा. सहा वाजून वीस मिनिटांनी, शेवटच्या डावाला, नऊशे चौऱ्याऐंशी. जिन्यात पावलं वाजली तेव्हा तो दातांनी गोळी खाली ओढून दोरीतून हात सोडवत होता. फास आता कुठल्याच मनगटाच्या मापाचा राहिला नव्हता, पण ते बघायला वेळ नव्हता. डबा बंद करून दिवा लाल केला, टीपॉय ओढला, पडदे, चपला, वर्तमानपत्र.

बायको आत आली ती दमून. पिशवी दारातच ठेवली आणि सोफ्यावर टेकली. "आज मोजणी होती. सगळी कपाटं रिकामी करायची आणि परत लावायची. घाम काय आलाय तुम्हाला? ताप-बिप नाही ना?"

"छे. चहा टाकतो."

"तुम्ही?" ती म्हणाली, पण उठली नाही.

त्याने चहा टाकला. डाव्या हाताने. कप आणून दिला तेव्हा तिचं लक्ष टीव्हीकडे गेलं, आणि ती म्हणाली, "आज नाही बाई खेळणार मी. पार दमले. आणि उद्या-परवाही मोजणीच आहे. आता शनिवारीच, एकदम सगळ्यांसमोर."

म्हणजे सुटलो. सरळ हिशोब होता: दोन दिवस, उद्या-परवा तो चारला घरी येतो, ती साडेसहाला, अडीच तास, हजाराला सोळाच तर पॉइंट कमी. शनिवारी चेंडूत चांदण्या असतील, कुणाला कुठे काही कळणार नाही. दिवसभर ज्याच्यासाठी खांद्याचा भुगा केला ते पदरात पडल्यासारखंच होतं. तो वर्तमानपत्र घेऊन खुर्चीत बसला आणि हायसं वाटण्याची वाट बघू लागला.

"आणि ऐका ना," ती चहाचा घोट घेऊन म्हणाली, "आज वरच्या फळीची सगळी पुस्तकं मी लावली. शिडीवाल्याला म्हटलं, राहू दे रे, मीच लावते. असा —" आणि तिने कप डाव्या हातात घेतला आणि उजवा वर केला. सरळ. कानाच्या बाजूने, पुढे, वर, अगदी बोटांपर्यंत ताठ, आणि वर पोचल्यावर तो जरासा आत वळला. ती स्वतःही तिकडे मान वर करून बघत होती, जणू तो कुणा दुसऱ्याचा हात आहे आणि त्याचं तिला कौतुक आहे. "गेला की नाही?"

तो बघत होता. दंडाची सैल पडलेली कातडी, कोपरावरचा भाजल्याचा जुना डाग — हा कधीचा? — आणि त्या सगळ्याला घेऊन वर गेलेला तो हात. मग तिने तो खाली घेतला आणि चहा प्यायला लागली, आणि त्याला वाटलं, एवढ्यात? 'छान' हा शब्द तोंडाशी आला होता. तो त्याने गिळला.

हायसं वाटत नव्हतं. काय वाटत होतं ते त्याला नीट कळेना. कळलं तेव्हा तो चक्रावला. उद्याचे ते अडीच तास त्याला नको होते. गुपचूप भरून काढलेले सोळा पॉइंट नको होते. तिने आत्ता उठावं, तो डबा लावावा, ती कोसळलेली रेघ बघावी आणि कमरेवर हात ठेवून ओरडावं, हे कुणी केलं — हे त्याला हवं होतं. कधी नव्हे ते, पकडलं जायचं होतं.

"एकच डाव लाव ना," तो म्हणाला.

"आत्ता? अहो, दमलेय मी."

"एकच. मला बघायचंय."

तिने कप खाली ठेवला. त्याच्याकडे बघितलं, मग त्याच्या हातातल्या वर्तमानपत्राकडे, जे उलटं होतं, मग पुन्हा त्याच्याकडे. "तुम्हाला आज झालंय तरी काय?" म्हणाली, पण म्हणता म्हणता उठली, चपला काढल्या आणि दांड्याकडे हात नेला, आणि तो खुर्चीच्या अगदी कडेवर येऊन बसला, छातीत धडधड घेऊन — ही दिवसभराची धडधड नव्हती, वेगळीच होती, लहानपणी लपून बसल्यावर शोधणाऱ्याची पावलं जवळ आली की व्हायची तशी — आणि पडदा उजळायच्या आत आपणच ओरडून सांगून टाकतो की काय, याचा त्याला आता मुळीच भरवसा राहिला नव्हता.